मुरत ठेवलेली वायर

आमचे हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. क्वालिटीला म्हणजे, दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा त्यांना पगार मिळतो. मापात बसला नाही तर साधा बोल्टसुद्धा ह्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर जात नाही. घरातही तोच कारभार. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, मी 'पाच मिनिटांत निघते' म्हणून सांगितलेली वेळ, सगळ्यावर संशय. अशा माणसाने एका रविवारी बोटभर जाडीची, साप गुंडाळून ठेवावा तशी वायर घरी आणली आणि आम्हाला सांगितलं, "ही अजून कच्ची आहे. हिला मुरू द्यावं लागेल."

मी आणि सासूबाई मेथी निवडत बसलो होतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

त्याचं झालं होतं असं. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी झाली. त्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवणार होते. पण वाशीला ह्यांचे एक कॉलेजातले मित्र राहतात, त्यांना गाणं ऐकण्याचं वेड. म्हणजे गाण्याचं नाही, ऐकण्याचं. त्यांच्याकडे हे दोन-तीनदा जाऊन आले आणि बघता बघता मुलीच्या खोलीत कमरेएवढे दोन स्पीकर आले, एक जाडजूड ॲम्प्लिफायर आला, आणि माझं मशीन बाल्कनीतच राहिलं. आता ही वायर. नव्या वायरीतून आवाज कोरडा येतो, टोचतो, असं मित्रांचं म्हणणं. तिच्यातून शे-दोनशे तास सलग आवाज वाहू दिला की ती मोकळी होते आणि मग गाणं खरं ऐकू येतं.

"आरं, तांब्याची तार ती," सासूबाई म्हणाल्या. "तिला काय कळतंय नवं-जुनं?"

"आई, नवा तवा आणला की आधी तयार करावा लागतो की नाही? पहिलं घावन कधी नीट निघतं का?"

"तव्याला तेल लावत्यात. हिला काय लावणार हाईस?"

हिला काय लावायचं ते मित्रांनीच एका सीडीवर घालून दिलं होतं. तिच्यावर गाणं नव्हतं, नुसता एक आवाज होता. शूँऽऽऽ. नळाला पाणी यायच्या आधी जो येतो ना, तसा. फक्त तो कधी थांबत नाही. मधूनच तो चढायचा, मधूनच उतरायचा. वायरीला सगळ्या उंचीच्या सुरांची सवय व्हावी म्हणून ते तसं केलेलं असतं म्हणे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ह्यांनी दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून, बाथरूमकडच्या भिंतीला चिकटवून उभे केले आणि एकाच्या तारा उलट्या जोडल्या. तसं केलं की एकाचा आवाज दुसरा खाऊन टाकतो. उरलासुरला दाबायला वरून सासूबाईंची वाकळ पांघरली. जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली.

"माझी वाकळ!" सासूबाई दारातूनच ओरडल्या. "हिव भरलंय का तुझ्या डब्यांना?"

"थोडे दिवस फक्त, आई."

मला एकच काम नेमून दिलं होतं. लाईट गेली आणि परत आली, तर ताबडतोब खोलीत जाऊन बटण दाबायचं. मुरण्यात खंड पडता कामा नये. लोणचं अर्धवट ढवळून ठेवलं तर बिघडतं तसं काहीतरी ह्यांनी मला समजावून सांगितलं. आयुष्यात कधी बरणीला हात न लावलेल्या माणसाने.

मग आमच्या घरात तो शूँ राहायला आला. पहिल्या दिवशी नको झालं, दुसऱ्या दिवशी सवय झाली आणि पुढे पुढे तर तो असल्याचंही लक्षात येईना. मी बेलापूरला सरकारी नोकरीत आहे. तिथे फाईलमध्ये डोकं घातलं की मला वाटायचं, ऑफिसात काहीतरी बंद पडलंय. फार शांत शांत. सासूबाई तर त्या आवाजावर चिडून जरा मोठ्याने बोलायला लागल्या आणि मग तसंच बोलत राहिल्या.

ह्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर गळतीचा विषय निघाला.

आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात काढून निवृत्त झालेले. त्यांनी लिहिलं होतं की, आपल्या डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या मागे पाइप जातात त्या बोळकांडीत, कुठेतरी पाणी वाहतंय. रात्रंदिवस वाहतंय. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की सोसायटी एका पायावर तयार असते. पार्किंगवरून वर्षभर न बोलणारी माणसंही पाण्यासाठी एकत्र येतात. ग्रुपवर लगेच हात जोडलेली चित्रं आली, 'काका तुम्ही आहात म्हणून' वगैरे आलं. मीही अंगठा दाखवून मोकळी झाले.

काकांनी शोध हाती घेतला. स्टीलचा पेला भिंतीला लावायचा, पेल्याला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. सेक्रेटरी मागे हात बांधून उभे.

"ऐकू येतंय?"

"स्पष्ट. पाऊण इंची लाइन आहे, जॉइंटला गेलीय. हा कान आहे सेक्रेटरीसाहेब, मीटर नाही. मीटर चुकतो."

हे सगळं मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई खुशीत होत्या.

"आज लय माणसं आली हुती. तो नळवालाबी हुता. म्हणं, आजी, तुमच्याकडं पाणी गळतंय का? म्हटलं, न्हाई बाबा. म्हणं, पाण्याचा आवाज येतोय का? म्हटलं, पाण्याचा? न्हाई."

"मग?"

"मग काय, गेली. मी दार लोटून घेतलं. ह्या डब्यांचा कालवा लय हुता, बोललेलं ऐकूच येईना."

आता वाचणाऱ्याला हसू येईल. पण शपथेवर सांगते, आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. रोजच्या डाळभाताचा वास कुठे आपल्याला येतो?

शनिवार आला. मला सुट्टी असते, ह्यांना नसते. सकाळीच सोसायटीने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. मी आधीच पिंपं भरून ठेवली होती. खाली डक्टचा दरवाजा उघडून प्लंबर आत शिरला होता, काका बाहेर पेला घेऊन उभे, सेक्रेटरी, वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचे चार-पाच जण. आमच्या बाथरूमच्या झरोक्यातून त्यांचं बोलणं विहिरीतून यावं तसं घुमत वर येत होतं.

"व्हॉल्व्ह बंद ना?"

"बंद."

"मग हे वाहतंय काय?"

"पाइपात उरलेलं असेल काका."

"अर्धा तास झाला. पाइपात काय धरण बांधलंय का?"

प्लंबर म्हणाला, भिंत फोडून आतली जुनी लाइन बघावी लागेल, पण आत विजेच्या तारा आहेत, आधी मेन स्विच पाडा. वॉचमनने मेन पाडला. पंखे थांबले. आणि खालून काकांचा आवाज आला, "थांबा! थांबलं. गळती थांबली!"

"आपोआप?"

"आपोआप कशी थांबेल? मेन चालू कर बघू."

मेन चालू झाला. पंखा फिरायला लागला. आणि मी, ह्यांची आज्ञाधारक बायको, हातातलं काम टाकून मुलीच्या खोलीत गेले आणि बटण दाबलं. शूँऽऽऽ.

"आलं!" खालून काका. "परत आलं! पाड मेन."

मेन पडला. शूँ थांबला. मेन चढला. मी पुटपुटत परत खोलीत. 'आज लाईटीला काय झालंय' म्हणत बटण दाबलं. असं आमचं आणि डक्टचं बराच वेळ चाललं. शेवटी मी बाथरूममध्ये कपडे भिजवायला गेले, तेव्हा काका गंभीर आवाजात सगळ्यांना समजावून सांगत होते.

"चाळीस वर्षं पाण्यात काढली मी. असली गळती बघितली नाही. विजेवर चालते. लाईट गेली की बंद, आणि लाईट आली की जरा वेळाने सुरू. जरा वेळाने! दमानं सुरू होते."

'जरा वेळाने' हे ऐकलं आणि माझ्या हातातला साबण बादलीत पडला. तो जरा वेळ म्हणजे मी होते. स्वयंपाकघरातून मुलीच्या खोलीपर्यंत जायला लागतो तो.

प्लंबरने छिन्नी उचलल्याचा आवाज आला. मी झरोक्याला तोंड लावून ओरडले, "काका! फोडू नका! ते पाणी नाही, आमच्या ह्यांची वायर आहे!"

खाली छिन्नी परत जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग सेक्रेटरींचा आवाज, "वहिनी, वायर गळतेय?"

सगळे वर आले. चपला दारात काढून एकेक जण मुलीच्या खोलीत शिरला. वाकळ पांघरून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे असलेले स्पीकर बघून सेक्रेटरींनी काकांकडे पाहिलं. काकांनी वाकळीचा कोपरा उचलला, आत कान घातला, बराच वेळ ऐकलं. मग कोपरा नीट खाली सोडला.

"पाऊण इंचीच वाटत होती," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंना राहवलं नाही. "मी तवाच सांगितलं हुतं, पाण्याचा न्हाई."

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा हॉलमध्ये कमिटी बसलेली होती. ह्यांनी बूट काढले, हात-पाय धुतले आणि आरोपीसारखे खुर्चीवर बसून वायर मुरण्याची हकिगत सांगितली. तांब्यावरचं आवरण, त्यातून वाहणारी वीज, सुरांचं मोकळं होणं. सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे इतके दिवस आम्ही तुमच्या वायरीच्या मागे होतो?" काका मात्र चिडले नव्हते. दुखावले होते. आणि दुखावलेला माणूस नेमका प्रश्न विचारतो.

"फरक पडतो?" काकांनी विचारलं.

"पडतो ना."

"मोजला?"

"हे मोजण्यात येत नाही, काका. कानाला कळतं."

"कानाला तर मला पाणीपण कळलं होतं."

कारखान्यात हाच प्रश्न हे रोज दुसऱ्यांना विचारतात, मोजलं का म्हणून, आणि समोरचा गप्प झाला की माल परत पाठवतात. मला ह्यांची दया आली आणि थोडी मजाही वाटली.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, तुमचं बरोबर आहे. चाचणी घेऊ. रविवारी सकाळी. सगळ्यांनी या."

ह्यांच्या वाशीच्या मित्रांकडे तशीच एक वायर होती, अजून खोक्यात, कोरी. ती घेऊन ते आले. चाचणीचे नियम ह्यांनीच बनवले, आणि कारखान्याला शोभतील असेच कडक बनवले. स्पीकर हॉलमध्ये आणले. मागे दोरीवर चादर टांगली. चादरीच्या मागे मी. दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करून मी नाणं उडवायचं. छापा आला तर मुरलेली वायर जोडायची, काटा आला तर कोरी. वायर बदलायची नसली तरी काढून परत लावायची, म्हणजे खुडबुडीवरून कुणाला कळू नये. काय जोडलं ते मी पेनाने तळहातावर लिहायचं. बाहेर हे, मित्र आणि काका डोळे मिटून ऐकणार आणि आपापल्या कागदावर 'मुरलेली' किंवा 'कोरी' लिहिणार. सेक्रेटरी पंच. काकू कांदेपोहे घेऊन आल्या होत्या. सासूबाईंना ह्यांनी सांगितलं, तुला कंटाळा येईल, देवळात जाऊन ये. सासूबाई म्हणाल्या, "एवढी माणसं घरात आल्यावर मी कशाला जातीय देवळात?" आणि दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या.

सतारीचं एक रेकॉर्डिंग लागलं. मित्रांनी पहिल्याच फेरीला मान डोलवली.

"आहाहा. तारेच्या मागची हवा ऐकू येतेय."

"हवा आली म्हणजे लाइनला पाणी नाही," काका डोळे न उघडता म्हणाले.

"काका, कृपया बोलू नका," हे म्हणाले. "दुसऱ्याच्या मतावर परिणाम होतो."

चादरीच्या मागे मी घामाघूम. स्पीकर दोन, म्हणून मुरलेल्या दोन आणि कोऱ्या दोन, अशा एकसारख्या दिसणाऱ्या चार वायरी, त्यांच्या टोकाला इवल्याशा पिना, लाल भोक, काळं भोक, त्यात नाणं सारखं दिवाणाखाली जायचं आणि सासूबाई पाय खाली सोडून ते माझ्याकडे ढकलायच्या. फेरीमागून फेरी झाली. पोहे संपले. शेवटी सेक्रेटरींनी माझ्या तळहाताशी कागद लावून पाहिले.

मित्र निम्म्याहून जास्त वेळा चुकले होते. हे बरोबर निम्म्या वेळा चुकले होते, म्हणजे त्यांनीही नाणंच उडवलं असतं तरी चाललं असतं. आणि काका, ज्यांना ह्यातलं काही पटत नव्हतं, ते जवळजवळ सगळीकडे बरोबर होते.

काकांनी तो निकाल दोनदा वाचून घेतला. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे मला कळतंय!"

"काका, तो योगायोग आहे," हे म्हणाले.

"योगायोग कसा? फरक आहे साहेब. कोरीमध्ये जरा दाब कमी येतो. मुरलेलीत फुल्ल प्रेशर. तुम्हाला नाही जाणवलं?"

तर असं झालं. ज्याचा विश्वास होता त्याचा उडाला, आणि ज्याचा नव्हता त्याचा बसला. मित्र खिडकीबाहेर बघत बसले. हे खुर्चीत जरा खचून बसले होते. मग एकदम उठले आणि म्हणाले, "एक शेवटची फेरी. माझ्या रेकॉर्डिंगवर. ते मला पाठ आहे. त्यात कळलं नाही तर मी हरलो." मग सासूबाईंकडे बघून घुटमळले. "आई, तू... जरा आत जातेस का?"

"का? आता तर मजा आलीय."

हे माझ्याजवळ चादरीच्या मागे आले आणि हळू आवाजात सांगितलं. माझे सासरे शाळामास्तर होते आणि फार छान पेटी वाजवायचे, हे मला माहीत होतं. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावाशेजारच्या जत्रेत नाटक व्हायचं, त्याला पेटीची साथ त्यांची. ह्यांच्या मामांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर नेला होता आणि एका वर्षीची शेवटची भैरवी त्यात धरली होती. ती कॅसेट ह्यांनी कुठूनतरी मिळवून उतरवून घेतली होती. आईला त्रास होईल म्हणून तिला कधी ऐकवली नव्हती. भैरवी संपते, पेटीचा भाता मिटल्याचा आवाज येतो, आणि मग बाबा काहीतरी बोलतात. दोन-चार शब्द. मागून लोकांचा गोंगाट, त्यात ते शब्द बुडतात, आणि टेप संपते.

"मला ते ऐकायचंय," हे म्हणाले. "प्रत्येक वेळी वाटतं, अजून थोडं स्वच्छ आलं तर कळेल."

एवढे स्पीकर, एवढ्या वायरी कशासाठी ते तेव्हा मला कळलं. मी घाईघाईने नाणं उडवलं, वायरी काढल्या, लावल्या, आणि "हं" म्हणाले.

पेटी सुरू झाली. खरखर होती, मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, पण पेटी गोड होती. सासूबाई दिवाणावरून खाली उतरल्या. कुणीतरी हाताला धरून उठवावं तशा. स्पीकरच्या समोर जमिनीवर जाऊन बसल्या आणि पदर हातात घट्ट धरून ऐकत राहिल्या. भैरवी संपली. भाता मिटला. लोकांचा गलका. त्यातून एका पुरुषाचा आवाज, पुसट, घाईत काहीतरी. खट्. टेप संपली.

हे डोळे मिटूनच होते. कपाळावर आठ्या. "नाही," ते म्हणाले. "नाही कळलं."

"काय कळलं न्हाई?" सासूबाई म्हणाल्या.

"बाबा काय म्हणाले ते."

"आरं, 'माज्या चपला कुणी नेल्या' म्हणत्यात."

ह्यांनी डोळे उघडले. "काय?"

"चपला. 'आरं, माज्या चपला कुणी नेल्या?' स्वच्छ तर म्हणत्यात. परत लाव."

परत लावलं. आता सगळ्यांना ऐकू आलं. माज्या चपला कुणी नेल्या. एकदा सांगितल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. काका पहिल्यांदा हसले, मग काकू, मग ह्यांचे मित्र. हे हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच. सासूबाईंचं आपलं चालू होतं, "अनवाणी आले घरापातूर. पेटी खांद्यावर. मामाच्या खांद्यावर तू झोपलेला. सकाळचं ऊन आलं हुतं."

तेवढ्यात मित्रांना आठवण झाली. "वहिनी, ही फेरी कुठली? मुरलेली की कोरी?"

मी तळहात पाहिला. घाईत काहीच लिहिलं नव्हतं. मित्र चादरीमागे आले, वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी डाव्या स्पीकरला मुरलेली लावली होती आणि उजव्याला कोरी.

"मिक्स लाइन," काका म्हणाले. "म्हणूनच एवढं साफ आलं."

ह्यानंतर ह्यांनी त्या वायरीचा विषय काढला नाही. मित्र आपली कोरी वायर खोक्यात घालून घेऊन गेले. ती अजून कोरीच असावी. मला मशीनसाठी खोलीचा अर्धा कोपरा मिळाला. काका मात्र दर रविवारी येऊन बसतात. डोळे मिटतात, मान हलवतात, "आज जरा मोकळं वाटतंय" म्हणतात. हे त्यांना समजावून बघतात की वायरीचा काही संबंध नाही. काका हसून म्हणतात, "तुमचा कान अजून तयार नाही साहेब." गेल्या महिन्यात त्यांनी मुलाकडून स्वतःसाठी एक छोटा सेट मागवला आणि वायर मुरवायला घातली. आता आमच्या जमिनीतून शूँ येतो. ग्रुपवर कुणी काही लिहीत नाही.

सासूबाई दुपारी कधीतरी ती भैरवी लावायला सांगतात. असंच एका सुट्टीच्या दिवशी लावली होती. टेप संपल्यावर हे सहज म्हणाले, "आई, मग त्या चपला मिळाल्या का शेवटी?"

"मिळाल्या की. माज्या पिशवीतच हुत्या."

"म्हणजे?"

"जत्रंत चपला लय चोरीला जायच्या. म्हणून मीच उचलून पिशवीत टाकल्या हुत्या. नाटक सुटल्यावर द्यायलाच निघाले. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

"का गं?"

"मास्तरांचं चालणं म्हंजी काय सांगू. कुटं निघालं की हे म्होरं, मी लांब मागं. बोलायचं झालं तर वरडून बोलायचं. त्या दिशी खडीचा रस्ता. अनवाणी माणूस किती पळंल? जपून जपून पाय टाकत घरापातूर माज्या बरोबरीनं चालले. नाटकातलं सगळं सांगितलं मला, कुठं कोण चुकलं, कुठं टाळी आली." सासूबाई पदराने तोंड पुसून हसल्या. "चपला दुसऱ्या दिशी काढून दिल्या. म्हटलं, सापडल्या."

"बाबांना कळलं नाही?"

"कळलं आसंल. बोलले न्हाईत. पर त्यानंतर कुटं निघालो की मधी थांबून वळून बगायचे, येतीय का म्हणून."

हे पुढे सरसावून बसले. "दर वेळी?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "ध्यानात राहिलं तर."